इयामिदेने मागून घेतलेले दोन दिवस

इयामिदेला पाच भाषा येत होत्या. घरात क्रिओ, मिशनच्या शाळेत इंग्रजी, आणि मावशीच्या सुक्या मासळीच्या धंद्यामागे होडीतून गावोगाव हिंडताना टेमने, मेंडे आणि सूसू. "पाच भाषा येतात, पण गप्प बसणं एकीतही येत नाही," असं मावशी चारचौघांत सांगायची. सिसिलिया मावशीनंच तिला वाढवलेलं, त्यामुळे बोलायचा हक्क तिचाच.

इंग्रजांच्या अमलाखालच्या फ्रीटाउन बंदरात तिला ओळखणारे तिला चालण्यावरून ओळखत. कुठेही जायचं असो, ही आपली घाईत. चोविसाव्या वर्षी लग्नही तसंच घाईत केलं, तेही निमेलीशी. निमेली क्रू जमातीचा, जहाजावर बॉयलरमध्ये कोळसा ओढणारा. त्याच्या बापानं जुन्या रीतीप्रमाणे लहानपणीच त्याच्या कपाळावर केसांपासून नाकापर्यंत निळी रेघ गोंदवून घेतली होती. मावशीनं डोक्याला हात लावला.

"आपल्या घराण्यात पाद्री झाले, कारकून झाले, आणि तू कोळसेवाल्याच्या गळ्यात पडतेस? बरं, गडी तरी कोरा बघायचास! हा तर शाईनं आखलेला."

निमेली हसून म्हणाला, "मावशी, शाईनं आखलेलं पुसलं जात नाही. कुठल्याही बंदरात टाका, माझी माणसं मला हुडकून काढतील."

मावशीला हसू आलं, आणि जावई घरात आला.

बेचाळीसच्या फेब्रुवारीत निमेलीचं जहाज ताफ्याबरोबर निघालं. एप्रिलमध्ये इयामिदे कंपनीच्या कचेरीत चौकशीला गेली, तेव्हा कारकुनानं चष्म्यावरून पाहिलं.

"ते जहाज बुडालं."

"आणि माणसं?"

"माहीत नाही."

"माहीत नाही म्हणजे?"

"म्हणजे माहीत नाही, बाई. काही माणसं कुठे कुठे निघतात, काही निघत नाहीत. लढाई चालू आहे."

तो 'गेला' म्हणाला असता तर तिनं काळं नेसलं असतं, शेजारणी आल्या असत्या, चाळिसाव्या दिवशी पाहुण्यांना जेवायला घातलं असतं. पण 'माहीत नाही' या शब्दाचं काय करायचं? त्याच्या नावानं रडता येत नाही आणि त्याच्यासाठी चूलही पेटवता येत नाही. ती चर्चमधून धक्क्यावर जायची, धक्क्यावरून क्रू लोकांच्या वस्तीत, तिथून परत धक्क्यावर. चपला झिजल्या. एकदा फुफूचा घट्ट लगदा ढवळता ढवळता ती पळी तशीच भांड्यात ठेवून निघून गेली आणि भांडं जळून कोळसा झालं.

मावशी म्हणाली, "असं वेड्यासारखं हिंडण्यापेक्षा टेकडीवर जा. बुडालेल्या जहाजांची माणसं तिथेच आणतात ना? काम माग. कामाच्या निमित्तानं हिंड."

टेकडीवर ब्रिटिश फौजेचं इस्पितळ होतं. दोन वर्षांपूर्वी तिथे नुसती झुडपं होती. आधी तंबू आले, मग लाकडी बराकी, पत्र्याची छपरं, पाण्याच्या टाक्या. गोऱ्या शिपायांचे वॉर्ड वरच्या अंगाला, वाऱ्यावर. आमच्या माणसांचे खालच्या अंगाला, जिथे डास जास्त. बंदरावरून रुग्णांचे ट्रक टेकडी चढताना पहिल्या गियरमध्ये कण्हायला लागले, की अख्ख्या गावाला कळायचं, आज आणखी एक जहाज गेलं.

इयामिदेला धुलाईखान्यात काम मिळालं. तिथला मुकादम सांतिगी, अंगानं आडवा आणि तोंडानं फाटका. पिंपांत सोडा टाकून चादरी उकळायच्या, रक्ताचे डाग आधी गार पाण्यात काढायचे. रक्त निघायचं. निघत नसे ते जहाजाचं काळं तेल. समुद्रातून काढलेल्या माणसांच्या अंगावर, केसांत, कानांत ते तेल असे. काहींच्या तर छातीत गेलेलं असे, आणि ती माणसं दोन-तीन दिवस खोकून जात.

धुतलेल्या चादरींची टोपली डोक्यावर घेतली की ती प्रत्येक वॉर्डात शिरायची. खाटेजवळ वाकायची. "दादा, कुठल्या जहाजावर होतात? कपाळावर निळी रेघ असलेला माणूस पाहिलात? डाव्या हाताची करंगळी अर्धी आहे." कुणी मान हलवी, कुणी डोळे मिटून घेई. ऑर्डर्ली लोकांनी तिचं नावच पाडलं. ती दारात दिसली की एकजण ओरडे, "आली रे आली, निळी रेघ आली!"

सांतिगी खेकसायचा, "चादरी पोचवायला जातेस की खानेसुमारी करायला?"

"दोन्ही एकाच पगारात करते, मग तुमचं काय बिघडतं?"

जूनमध्ये एका मेंडे शिपायावरून गाडी वेगळ्या रुळावर गेली. तो छातीवर मुठी मारून ओरडत होता आणि कॅप्टन लॉरिमर नावाचे तरुण डॉक्टर त्याची छाती तपासून तपासून दमले होते. टोपली घेऊन उभ्या असलेल्या इयामिदेला राहवेना.

"साहेब, त्याची छाती दुखत नाहीये. तो म्हणतोय, शेजारच्या खाटेवरचा त्याचा भाऊ आहे, त्याला आधी बघा."

डॉक्टर वळले. "तू कोण?"

"धुणंवाली."

शेजारच्या खाटेवरच्या भावाचा प्लीहा फुटला होता. त्या दिवशी तो वाचला. दुसऱ्या दिवशी मेट्रन मिस प्रिडो यांनी इयामिदेला निळा पट्टा असलेला एप्रन दिला आणि वॉर्डात दुभाषी म्हणून घेतलं. मेट्रन उंच, वाळकुडी, आवाज कधी न चढवणारी बाई.

"रुग्ण म्हणेल ते डॉक्टरांना सांगायचं, डॉक्टर म्हणतील ते रुग्णाला. मध्ये आपलं मीठ घालायचं नाही आणि पाणीही घालायचं नाही. समजलं?"

"समजलं, मेट्रन."

दोन महिने तिनं ते निष्ठेनं पाळलं. मग ऑगस्टमध्ये मोमो आला.

मोमो यान्साने हा सूसू कोळी होता, सरहद्दीपलीकडचा. पलीकडे फ्रेंचांचा मुलूख, आणि ते फ्रेंच तेव्हा आमच्या शत्रूच्या पंगतीला. पण कोळ्याला समुद्रात रेघ कुठे दिसते? मासळीमागे अलीकडे आलेल्या मोमोला खवळलेल्या पाण्यात एक लाइफबोट भेलकांडताना दिसली. त्यानं दोर टाकला, एकोणीस माणसं किनाऱ्याला आणली, आणि शेवटच्या लाटेत त्याचा उजवा पाय बोट आणि खडकाच्या मध्ये सापडून चेचला गेला. आरमाराच्या लाँचनं सगळ्यांबरोबर त्यालाही उचललं. गावकरी असूनही त्याला फौजेच्या इस्पितळात खाट मिळाली, कारण वरच्या वॉर्डातल्या एकोणीस जणांनी हट्टच धरला. ते त्याला सिगारेटी पाठवत. तो ओढत नसे. कोलाच्या कडवट बीची फोड चघळत छताकडे बघत पडून राही.

पाचव्या दिवशी डॉक्टरांनी पट्टी सोडली. बोटं काळी पडली होती. वास येत होता.

"सांग त्याला, पाय गुडघ्याखाली कापावा लागेल. आजच. नाहीतर विष वर चढेल."

तिनं सांगितलं. मोमोनं तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"नाही म्हण."

"मोमोभाऊ, आज नाही कापला तर..."

"कापायचा नाही. आज नाही आणि कधीच नाही. एका पायाचा कोळी म्हणजे फुटकी होडी. नाही म्हणून सांग." मग त्यानं मान वळवली. आवाज खाली आणला. "तूच ना ती, रेघवाल्याला शोधणारी?"

इयामिदेनं हातातलं फडक्यांचं तबक खाटेच्या कडेला टेकवलं.

"मला माहीत आहे," तो म्हणाला. "पलीकडे, कोनाक्रीच्या बंदरात, बुडालेल्या जहाजांची माणसं फ्रेंचांनी वखारीत कोंडलीत. मी तिथे मासळी विकतो. एकाच्या कपाळावर रेघ आहे. सगळं सांगतो. पण आधी या माणसाला लांब ने."

डॉक्टर विचारत होते, "काय म्हणतोय?"

त्या क्षणी काय झालं ते इयामिदेनं पुढे अनेकांना सांगितलं, पण दर वेळी इथे येऊन ती अडखळायची. 'तो नाही म्हणतोय' एवढंच सांगायचं होतं. मग डॉक्टर आणखी समजावायला बसले असते, मेट्रन आल्या असत्या, वरच्या एकोणिसांपैकी कुणी आला असता, आणि संध्याकाळपर्यंत मोमो कदाचित वळला असता. किंवा रागानं तोंड मिटून बसला असता. आणि निमेली त्या मिटलेल्या तोंडाच्या आत राहिला असता.

"साहेब, तो म्हणतोय, त्याचा भाऊ येतोय. भावाला विचारल्याशिवाय त्यांच्यात असं करत नाहीत. दोन दिवस द्या म्हणतो."

लॉरिमर साहेबांनी ओठ चावला. त्या माणसानं एकोणीस जीव वाचवले होते, त्याला दोन दिवस नाकारायला त्यांची जीभ रेटेना. "ठीक आहे. तोवर गोळ्या देऊ. पण दोनच."

ते पुढच्या खाटेकडे गेले. इयामिदे मोमोच्या उशाशी वाकली.

"आता सांग. उंच आहे?"

"उंच आहे."

"डाव्या हाताची करंगळी अर्धी?"

मोमो क्षणभर थांबला. "हो. अर्धी."

"हसताना मान मागे टाकतो?"

"हो, हो. तोच."

ती टेकडी उतरून धावतच घरी आली. पाऊस कोसळत होता, रस्त्याचा लाल चिखल गुडघ्यापर्यंत उडाला होता. तिनं चूल पेटवली, कसावाच्या पानांची भाजी टाकली, पामतेल हात न आखडता ओतलं. मावशी दारात उभी राहून बघत होती.

"जिवंत आहे मावशी! कोनाक्रीत आहे!"

"कुणी सांगितलं?"

"एका कोळ्यानं. पाहिलंय त्यानं."

"आणि कोळ्यानं फुकट सांगितलं?"

इयामिदे भाजी ढवळत राहिली.

तिला वाटलं होतं, बातमी कळली की जीव थाऱ्यावर येईल. उलटंच झालं. त्या दोन दिवसांत ती एका जागी उभी राहू शकली नाही. मोमोच्या वॉर्डात गेली की वास यायचा आणि ती बाहेर यायची, बाहेर आली की आत काय चाललंय म्हणून परत जायची. दुसऱ्या दुपारी तिनं त्याच्या पायावरची चादर उचलून पाहिली. काळं घोट्याच्या वर आलं होतं.

"मोमोभाऊ, हो म्हण. मी आत्ता डॉक्टरांना बोलावते."

"तू तुझं सांगितलंस, मी माझं," तो म्हणाला. त्याचे डोळे तापानं तकाकत होते. "जा आता."

ती गेली, डॉक्टरांच्या खोलीच्या दारापर्यंत गेली, आणि आत जाऊन काय सांगायचं हे न सुचल्यामुळे धुलाईखान्यात जाऊन चादरी पिळत बसली.

तिसऱ्या सकाळी मोमो बरळत होता. विचारण्याजोगं काही उरलंच नव्हतं. पाय कापला, तो गुडघ्याच्या वर, मांडीत. "भाऊ कुठाय त्याचा?" लॉरिमर साहेबांनी हात धुता धुता विचारलं. "आला नाही," ती म्हणाली.

अकरा दिवस मोमो इकडे की तिकडे, कळत नव्हतं. बाराव्या दिवशी त्यानं पाणी मागितलं. तिनं पाणी दिलं आणि तिथूनच तडक मेट्रनच्या खोलीत गेली.

"मेट्रन, त्यानं मुदत मागितली नव्हती. तो 'कधीच नाही' म्हणाला होता. दोन दिवस मी मागितले."

"का?"

तिनं सगळं सांगितलं. मिस प्रिडो यांनी हातातली लेखणी खाली ठेवली. मग त्यांनी हात पुढे केला. इयामिदेनं निळ्या पट्ट्याचा एप्रन सोडून त्या हातावर ठेवला.

धुलाईखान्यात सांतिगीनं तिला पाहिलं. एक काठी तिच्या हातात दिली आणि पिंपाकडे बोट दाखवलं.

आठवडा गेला. एक दिवस लॉरिमर साहेब स्वतः तिथे आले, वाफेत डोळे चोळत उभे राहिले.

"साहेब," ती म्हणाली, "दोन दिवस आधी कापला असता तर गुडघा राहिला असता?"

"बहुधा. नक्की नाही सांगता येत."

पुन्हा तेच. या लढाईत कुणाला काही नक्की सांगताच येत नव्हतं.

"वॉर्डात एक टेमने बाई आणलीय, स्फोटात भाजलेली," ते म्हणाले. "तिला काय होतंय, कुणाला कळत नाही. तू ये. मी मेट्रनशी बोललोय. पण एक ऐक. तू मला पुन्हा काही खोटं सांगितलंस तर मला ते कधीच कळणार नाही. म्हणूनच मला भीती वाटते."

ती गेली. त्या दिवसापासून ती बोलायची ते तोलून, एकेक शब्द, इतकं सावकाश की डॉक्टर वैतागायचे. रुग्णानं शिवी दिली तर शिवीही सांगायची.

नोव्हेंबरात पलीकडच्या फ्रेंचांनी पंगत बदलली. डिसेंबरात कोनाक्रीतली कोंडलेली माणसं जहाजानं फ्रीटाउनला आली आणि हाडांचे सापळे झालेली म्हणून थेट टेकडीवर आली. इयामिदे सकाळपासून फाटकात उभी. ट्रक आले. एकेक उतरू लागला, पंचवीस, तीस. शेवटून तिसरा खाली उतरला आणि ती धावली. कपाळावर निळी रेघ.

पण चेहरा निमेलीचा नव्हता.

त्याचं नाव वेसे. निमेलीच्याच जहाजावर होता. त्याच्या दोन्ही हातांच्या करंगळ्या शाबूत होत्या.

"निमेली?" वेसेनं तिच्याकडे बघून टोपी काढली. "वहिनी, तुम्हाला कुणी सांगितलंच नाही? फेब्रुवारीतच, पहिल्याच धडाक्यात. मी वर डेकवर होतो, तो खाली बॉयलरशी. पाळी त्याची होती. खालचं कुणीच वर आलं नाही."

"कोनाक्रीत आणखी कुणी रेघवाला?"

"आमच्यात क्रू मी एकटाच."

ती खालच्या वॉर्डात गेली. मोमो कुबड्यांवर चालायला शिकत होता, घामाघूम. तिला बघून थांबला.

"आले म्हणतात ते लोक. रेघवाला आला?"

"आला. माझा नव्हता. माझा फेब्रुवारीतच गेला." तिचा आवाज फाटला. "करंगळी अर्धी आहे म्हणालास तू!"

"मी रेघ पाहिली होती, खरंच. त्याची बोटं कोण बघतंय? तूच विचारलंस, अर्धी का? तुझ्या तोंडाकडे बघून दगडही हो म्हणाला असता. आणि मला माझा पाय हवा होता."

मोमोनं कुबडी काखेत नीट बसवली. मग म्हणाला, "नर्सा मला सारख्या विचारतात, भाऊ आला का, भाऊ आला का. तू माझा भाऊ कुठून आणलास गं? मी आईला एकटाच."

तिला हसू फुटलं, आणि त्या हसण्यातच ती दहा महिन्यांचं रडली. मोमो कुबडीला रेलून, दुसरीकडे बघत, ते संपेपर्यंत थांबला.

निमेलीचं चाळिसाव्याचं जेवण मावशीनं वेसेची बातमी आली त्या दिवसापासून मोजून केलं. मोमो वेसेबरोबर ट्रकनं टेकडी उतरून आला आणि पोटभर जेवला. गुडघ्याची गोष्ट मात्र इयामिदेनं त्याला सांगितली नाही. जानेवारीत तो गावी गेला.

ती गोष्ट तिला झोपू देईना. चव्वेचाळीसमध्ये, पाऊस सरल्यावर, रजा काढून ती मचव्यानं त्याच्या गावी गेली. मोमो झोपडीपुढे जाळं विणत होता. गाववाल्यांना त्यानं मोठ्या तोऱ्यात तिची ओळख करून दिली, "ही माझी इस्पितळातली जीभ." बायकोनं भात चढवला.

"मोमोभाऊ," ती म्हणाली, "तू पहिल्या दिवशी हो म्हणाला असतास तर गुडघा बहुधा राहिला असता. डॉक्टर मला म्हणाले. मी दोन दिवस मागितले नसते, तर त्यांनी तुला त्या दिवशी सोडलं नसतं, समजावत राहिले असते."

मोमोची सुई थांबली. गुडघा असला तर लाकडी पाय लावून होडीत बसता येतं, हे कोळ्याला सांगावं लागत नाही. त्यानं तोंड फिरवलं आणि ती परत निघेपर्यंत एक शब्द बोलला नाही. बायकोनं निमूटपणे ताट वाढलं. इयामिदे जेवली, कारण न जेवणं त्याहून वाईट दिसलं असतं.

लढाई संपली. फौज गेली, खाटा गेल्या, बराकी शिक्षणखात्याकडे गेल्या. इयामिदे गावातल्या मोठ्या इस्पितळात दुभाषी म्हणून लागली आणि तिथे तिनं वीस-बावीस मुली तयार केल्या. मुली तिला वैतागत. "दुखतं का, असं विचारायचं नाही," ती ओरडायची. "काय होतंय, असं विचारा! तुमचा प्रश्न उत्तर हातात घेऊन गेला, तर गरीब माणूस तेच उत्तर परत पाठवतो." काम पाचला संपे. ती सहालाही वॉर्डातच, या खाटेवरून त्या खाटेवर, जणू अजून कुणीतरी विचारायचं राहिलंय.

या सगळ्याच्या आधी, पंचेचाळीसच्या मासळीच्या हंगामात, ती पुन्हा मोमोच्या गावी गेली होती. बोलेल की नाही, याची खात्री नव्हती. किनाऱ्यावर पोचली तर तो होडीत होता. मेव्हण्यांनी त्याच्यासाठी होडीत फळी ठोकली होती, कमरेला दोर बांधून तो त्या फळीवर बसला होता आणि भरती निघून चालली म्हणून सगळ्यांवर तोंड सोडत होता. त्यानं तिला पाहिलं.

मग ओरडला, "उभी काय राहिलीस? रेटायला माणूस कमी आहे!"

इयामिदेनं लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलं, पाण्यात उतरली आणि होडीला खांदा लावला.